मागेल तो हरला

अकरावीला ग्रीस शिकवताना मी वर्गाला एक गोष्ट हमखास सांगतो. अथेन्स असो की स्पार्टा, लढाई संपली की जिंकलेले रणातच एक खांब रोवायचे आणि शत्रूच्या ढाली-शिरस्त्राणं त्यावर लटकवायचे. हरलेल्यांची प्रेतं तिथेच पडलेली असायची. ती हवी असली तर दूत पाठवून मागायची. मागितली की मिळायची, पण मागितली म्हणजे हार कबूल. एका सेनापतीनं तर दोन माणसांची प्रेतं मागून जिंकलेली लढाई घालवली म्हणे. मुलांना हे पटत नाही. मला फार पटायचं.

पटायला कारण होतं. आई माझ्याकडे जव्हारला राहायची. धाकट्या भावानं मोखाड्यात घर बांधलं, दिवाळीनंतर वास्तुशांतीला म्हणून ती चार दिवस गेली आणि होळी उलटली तरी परतली नाही. भाऊ रोज मोबाइलवर स्टेटस ठेवायचा. आई ओट्यावर वरई पाखडतेय. आई खदाखदा हसतेय. माझ्या घरात ही बाई कधी दात दाखवून हसली नव्हती. हा त्यानं रोवलेला खांबच, दुसरं काय? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझ्याकडे तिला स्वतंत्र खोली, खोलीत टीव्ही, गरम पाण्याची सोय. बायकोनं कधी वर तोंड करून शब्द काढला नाही. शिवाय जव्हार म्हणजे संस्थानाचं गाव, राजवाडा असलेलं. मोखाड्यात आहे काय? अथेन्सवाले स्पार्टाबद्दल असंच बोलत असणार.

फोनवर मी तब्येत विचारायचो, ‘कधी येतेस’ मात्र विचारायचो नाही. भावानंच म्हणावं, दादा, आता तू ने. तो म्हणेना. बायको वैतागली.

“आई काय रणात पडल्यात का? गाडी काढा आणि घेऊन या.”

“मी मागणार नाही.”

“मग बसा ढाल कुरवाळत.”

एका शनिवारी स्टेटसला नवा फोटो आला. आईनं भावाचा कान धरलाय. पन्नाशीला आलेला घोडा, आणि कान पिरगळून घेऊन हसतोय. माझा कान शेवटचा कधी धरला होता ते मला आठवेना. रविवारी सकाळी मी गाडी काढली.

भाऊ दारातच भेटला. मी बसलोसुद्धा नाही.

“आईला न्यायला आलोय. पाठव तिला.”

बोललो आणि कान तापले. आता हा छाती फुगवणार, मला वाटलं. तो म्हणाला, “ने की दादा. मी कुठं धरून ठेवलंय?” त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. युद्ध चालू आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. याचा मला जास्तच राग आला.

ग्रीकांचं बरं होतं. प्रेतांना कोणी विचारत नाही. आईला विचारावं लागलं.

“मी इथंच बरी आहे रे,” आई म्हणाली.

“माझ्याकडे काय कमी पडलं? कोणी काही बोललं तुला?”

“कोणी बोललं नाही, तेच ना. तुझ्याकडे मला मान आहे. आयता चहा, आयतं ताट, शब्दाला शब्द नाही. इथं सून भांडते माझ्याशी. दिवस कसा जातो कळत नाही.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भावजय कडाडली, “आई, डाळीत परत तिखट घातलंत ना?”

“घातलं. तुझं अळणी खाऊन जीभ मेली माझी.”

आणि आई उठली. माझ्या घरी उठताना तिला भिंतीचा आधार लागायचा. आत दोघींचं जुंपलं. मी बाहेर बसून ऐकत होतो आणि त्या भावजयीचा मला खरंच हेवा वाटत होता. इतके महिने फिरकला नाहीस म्हणून आईनं मलाही चार शिव्या घालाव्यात, एवढंच मला हवं होतं.

भांडण थांबलं. आई दारात आली. सुनेवर चढलेला आवाज तिनं माझ्यासाठी अगदी मऊ केला.

“चहा टाकलाय,” ती म्हणाली. “तुला साखर किती लागते रे?”