बाहीतल्या पिना

माझा स्वभाव तापट आहे, आणि नागपूरच्या सिटी बसमध्ये तो फार कामाला यायचा. कॉलेजला जाताना उजव्या बाहीच्या आतल्या बाजूला मी सेफ्टी पिन लावून ठेवायचे. गर्दीत कुणाचा हात नको तिथे आला की पिन काढायची आणि टोचायची. वस्तीतल्या सगळ्याच मुली लावायच्या, त्यात विशेष काही आहे असं कुणाला वाटायचं नाही. पुढे पीएचडी झाली, लग्न झालं, दोघांनाही सिंगापूरला वन-नॉर्थ या संशोधनसंस्थांच्या भागात नोकऱ्या लागल्या, आणि पिना साडीपुरत्या उरल्या.

आलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. ती वाढली सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये, जिथे दिवसभर दार उघडं आणि बाहेरची लोखंडी जाळी नुसती ओढलेली. ट्यूशनहून एकटी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, यायची आणि मी इकडे आरामात टीव्ही बघत बसलेली असायचे. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, जेवायला गेलो की ती टेबलावर फोन ठेवायची, म्हणजे जागा धरली, आणि खुशाल रांगेत जाऊन उभी राहायची. इथे सगळेच तसं करतात. कुणी टिश्यूचं पाकीट ठेवतं, कुणी छत्री. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना हे कौतुकाने दाखवायचे, जणू हे शहर मीच वसवलं होतं.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला तिला एका सेमिस्टरसाठी फ्रान्सला, ग्रेनोबलला जायला मिळालं. घरात आनंदीआनंद होता. पण या पोरीला घाबरताच येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. आणि ते शिकवायला आता आठवडाच उरला होता.

जायच्या आधी मी तिची परीक्षा घेतली. नेहमीसारखा टेबलावर फोन ठेवून ती नूडल्स आणायला गेली, तसा मी तो उचलून पर्समध्ये टाकला आणि खांबाआड जाऊन उभी राहिले. ती ट्रे घेऊन आली. टेबल रिकामं पाहून दचकेल, रडवेली होईल, अशी माझी अपेक्षा. तिने शांतपणे ट्रे ठेवला आणि टेबलं पुसणाऱ्या आंटीला विचारलं. आंटीने माझ्याकडे बोट करून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हटलं, "युअर मम्मी टेक, लाह." दोघी हसत सुटल्या. मला हसू आलं नाही.

बॅग भरताना मी आतल्या कप्प्यात पिनांचं एक अख्खं कार्ड टाकलं.

"आई, मी तिथे साडी नाही नेसणार."

मग मी तिला बसमधली गोष्ट सांगितली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू गुहेत राहून आले होते. "सो ड्रामॅटिक, आई," म्हणाली. पण कार्ड बाहेर काढलं नाही.

दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा दुपारचं जेवण चाललेलं असायचं. पहिला महिनाभर ती खिडकीतून डोंगर दाखवायची, बाजारातलं चीज दाखवायची, आणि तिच्या बाबाला फ्रेंच बोलायला लावून खिदळायची. एका रविवारी बोलता बोलता म्हणाली, मी हॉस्टेलच्या खोलीला कुलूप लावत नाही, मजल्यावरचे सगळे छान आहेत, तळघरात कपडे धुवायला जाताना किल्ली कुठे सांभाळत बसू.

माझा पारा चढला. अक्कल गहाण टाकलीस का, इथपासून सुरुवात करून मी तिला पाच मिनिटं फैलावर घेतलं. नवरा "अगं, हळू," म्हणत होता. शेवटी मी म्हणाले, "उद्या काही झालं ना, तर माझ्याकडे रडत यायचं नाही. आधीच सांगून ठेवते."

हे वाक्य माझी आई मला म्हणायची. मी पण मुलीला शंभरदा म्हटलं असेल, सायकलवरून, पावसात भिजण्यावरून. रडत आली की मीच धावत जायचे. ते खरं मानायचं नसतं, एवढं तिला कळत असेल असं मी धरून चालले होते.

"ओके, आई," ती म्हणाली. "ओके."

त्यानंतरचे रविवार वरवर तसेच होते. फक्त ती आता टेबलाशी बसत नव्हती, पलंगावर भिंतीला टेकून बसायची. मागे नुसतं टेबल दिसायचं.

"खुर्ची कुठे गेली गं?"

"तुटली."

भर दुपारी खिडकी बंद असायची. विचारलं तर म्हणायची, थंडी आहे. एकदा तिच्या हातून फोन निसटला आणि क्षणभर मला दार दिसलं. खुर्ची दाराला होती. खुर्चीची पाठ दाराच्या मुठीखाली घट्ट बसवलेली.

"वाऱ्याने दार वाजतं ना, म्हणून," ती म्हणाली.

मी प्रयोगशाळेत वीस वर्षं बारीकसारीक फरक टिपून पोट भरते आहे. पण ते उत्तर मी मुकाट्याने घेतलं, कारण मला तेच हवं होतं. त्या रात्री भाजी करपली, एवढंच आठवतं.

नोव्हेंबरात तिने अचानक विचारलं, "आई, तुझी ती पिन कुणाला लागली होती का, फॉर रिअल?" मी खूश झाले. कोणता बसस्टॉप, तो माणूस कसा ओरडला, कंडक्टर काय म्हणाला, सगळं रंगवून सांगितलं. ती अगदी शांतपणे ऐकत होती. मग विचारलं, "हाऊ डीप?" फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, बघ, परदेशी गेली की आईच्या गोष्टींची किंमत कळते.

डिसेंबरात ती परत आली. घरात शिरल्या शिरल्या तिने जाळी लावली, लाकडी दार लावलं, किल्ली फिरवली आणि मूठ दोनदा ओढून पाहिली. "अगं, हवा येऊ दे," तिचा बाबा म्हणाला. दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरला मी म्हटलं, जागा धर. तिने फोन ठेवला नाही. भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची शोधली आणि बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळून बसली. जे शिकवायला मला आठवडा पुरला नव्हता, ते ती शिकून आली होती. मला अन्न गोड लागलं नाही.

घरी येऊन तिचे कपडे मशीनला लावायला घेतले. पहिल्याच कुर्त्यात काहीतरी बोटाला टोचलं. उजव्या बाहीत, आतून, सेफ्टी पिन. दुसऱ्यात पण. स्वेटरमध्ये, जाकिटात. रात्री झोपताना घालायच्या टी-शर्टमध्ये पण होती.

मी त्या पिना मुठीत घेऊन तिच्या खोलीत गेले. ती पलंगावर पुस्तकं लावत होती. पिना पाहून तिने लपवाछपवी केली नाही, सगळं सांगितलं.

ऑक्टोबरात, एका दुपारी, ती धुतलेले कपडे घेऊन वर आली तर खोलीत एक अनोळखी माणूस तिच्या खुर्चीत बसला होता. तिचा मग त्याच्या हातात होता. तिला बघून तो "सा व्हा?" म्हणाला, कशी आहेस म्हणून. मग सावकाश उठला, तिच्या अगदी जवळून गेला आणि निघून गेला. काही नेलं नाही. तिने हॉस्टेलच्या ऑफिसात सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर तो दोनदा जिन्यात दिसला.

"आणि मला नाही सांगितलंस? एका शब्दाने नाही?"

"यू सेड, नो?" तिच्या आवाजात राग नव्हता. पुस्तकं लावतच होती. "रडत यायचं नाही म्हणालीस. सो मी नाही रडले."

 मी तिथेच पलंगावर बसले आणि रडायला लागले. मी ते खरं म्हटलं नव्हतं गं, एवढंच परत परत म्हणत राहिले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्या मुठीतल्या पिना काढून घेतल्या, एक उजव्या बाहीत आतून लावली, आणि मी येताना उघडं टाकलेलं दार लावायला उठली.