उच्चारांचे मास्तर

नल्लकुंट्यातल्या हणमंतरावांना फार थोडी माणसं आवडत, आणि ही गोष्ट ते लपवत नसत. तीस वर्षं त्यांनी मराठी शाळेत मराठी शिकवलं. वर्गातली पोरं गल्लीत दखनी बोलत, बाजारात तेलुगू बोलत आणि शाळेत येऊन "सर, मी आली" म्हणत. हणमंतराव त्यांना लाकडं म्हणत. एकेक तुकडी बंद पडत गेली, पोरं इंग्रजी शाळांत गेली, तेव्हाही त्यांना वाईट वाटलं नाही. "बरं झालं," ते बायकोला, जयवंताबाईंना म्हणाले, "निदान माझ्या कानांची सुटका झाली." सत्त्याण्णव साली ते निवृत्त झाले.

त्याच वर्षी विवेक त्यांच्या दारात आला. पुण्याचा मुलगा, वय तिशीचं, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कुकटपल्लीत फ्लॅट, खाली नवी कोरी गाडी. शनिवार-रविवारी तो कविता करायचा. त्यातल्या आठ कवितांना त्यानं चाली लावल्या होत्या आणि आता त्यांची कॅसेट काढायची होती.

"पण सर, हल्ली करतात तसं नाही हं," तो म्हणाला. "आज तबला, उद्या व्हायोलिन, परवा गाणारा येऊन आपलं गाऊन जातो, असलं काही नाही. सगळे एका खोलीत समोरासमोर बसणार आणि एका दमात गाणं होणार."

"मग माझं काय काम?"

काम असं होतं की गाणारी मुलगी, प्रणिता, अंबरपेठेतली होती. तिचे आजोबा बिदरकडची शेती सोडून आले, बापानं किराणा दुकान टाकलं. घरात मराठी बोलत, पण तिला मराठी वाचता येत नव्हतं. गाणी ती तेलुगू अक्षरांत उतरवून घ्यायची. आवाज मात्र असा होता की विवेकला दुसरी कुणी नको होती. उच्चारांवर नजर ठेवायला त्याला मास्तर हवा होता.

"बघून घेतो ना मी," हणमंतराव म्हणाले.

विवेक हसला. "'बघून घेतो ना मी'! इकडची मराठी किती गोड असते नाही?"

ते वाक्य हणमंतरावांना लागलं. तीस वर्षं दुसऱ्यांना नावं ठेवली, पण त्यांच्या स्वतःच्या मराठीला कुणी कधी 'इकडची' म्हटलं नव्हतं. पाहुणा गेल्यावर त्यांनी कवितांचे कागद उघडले आणि जयवंताबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली.

"ऐक. 'अंगणात हलतो झुला, सांज झाली, डोळा ओला.' एकच डोळा! दुसऱ्यात काय मोतीबिंदू झालाय?"

जयवंताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हणमंतराव पानापानावर थुंकल्यासारखं करत वाचत राहिले. पुण्याचा माणूस असलं लिहितो, म्हणून मनातून त्यांना बरंही वाटलं.

तालमी त्यांच्याच घरी झाल्या. प्रणिता संध्याकाळी यायची, सतरंजीवर बसायची आणि वही उघडायची. त्या वहीतली गोल गोल अक्षरं बघूनच हणमंतरावांच्या कपाळाला आठी पडे. पण मुलीचा 'ळ' स्वच्छ होता, 'ण' स्वच्छ होता. विवेकच्या बोलण्यातल्यापेक्षा स्वच्छ. हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तिला त्यांनी ते कधी सांगितलं नाही. 'च' आणि 'ज' मात्र ते तिच्याकडून पन्नास-पन्नास वेळा घोटून घेत, आणि चुकली की म्हणत, "किराण्याची पुडी बांधतेस का?"

ती रागावायची नाही. "हौ सार," म्हणायची आणि पुन्हा म्हणून दाखवायची.

एक दिवस तिनं वहीवर बोट ठेवलं. "सार, एक विचारू? एकच डोळा कसा काय रडते?"

तोच प्रश्न, त्यांनी बायकोला हसून विचारलेला. मग ते म्हणाले, "कागदावर आहे ते म्हण. अर्थ हा तुझा विषय नाही."

"नक्को तर नक्को सार," ती म्हणाली आणि पुढची ओळ गाऊ लागली.

रेकॉर्डिंग कुकटपल्लीत, एका कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. खाली लेथ चालत, म्हणून रविवारच धरला. खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या, पंखे बंद. मधोमध प्रणिता, तिच्या उजवीकडे तबल्यावर कुलदीप, समोर एक वयस्क तेलुगू व्हायोलिनवाले, बाजूला बासरी आणि तंबोरा. हणमंतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत कागद घेऊन बसले. घामानं सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते. एकाचं चुकलं की सगळ्यांना पहिल्यापासून. पाच वेळा गाणं मोडलं: दोनदा बासरी, एकदा तंबोऱ्याची तार, एकदा खाली कुत्रं भुंकलं, एकदा स्वतः विवेक खोकला. हणमंतराव प्रत्येक वेळी नाकातून हवा सोडत.

सहाव्यांदा मात्र गाणं लागलं. कुलदीपनं ठेका जरा मागे ओढला, प्रणितानं त्याच्याकडे न बघता तो धरला. ती जिथे श्वास घेई तिथे व्हायोलिन भरून काढी, आणि व्हायोलिननं सोडलेला सूर ती उचली. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. दुसऱ्या कडव्यानंतर ती त्या ओळींवर आली, डोळे मिटले आणि गायली:

"अंगणात हलती झुले, सांज झाली, डोळे ओले."

चालीत काही बिघडलं नाही. कुलदीपच्या ओठांवर हसू आलं. व्हायोलिनवाल्यांनी तीच ओळ अलगद परत म्हटल्यासारखी वाजवली.

"चूक!" हणमंतराव ओरडले.

सगळं थांबलं. बासरीवाला एक सूर तसाच वाजवून गप्प झाला.

"काय झालं सर?" विवेकनं विचारलं.

"डोळा. एकवचन. झुला, एकवचन. हिनं दोन्हीचं अनेकवचन केलं."

विवेकनं कागद पाहिला. कवीच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. "हो की. सर बरोबर आहेत. प्रणिता, कागदाप्रमाणे जाऊ या हं."

व्हायोलिनवाले तेलुगूत "बागुंदि" एवढंच म्हणाले, चांगलं होतं, आणि खुंट्या पिळू लागले. त्यानंतर चार वेळा गाणं झालं. चारही वेळा प्रणितानं डोळा ओला म्हटला, एकही उच्चार न चुकवता, गिरणीतून पीठ काढून द्यावं तसा. त्यातलं शेवटचं ठेवलं.

घरी आल्यावर हणमंतराव चपला न काढता खुर्चीत बसले आणि झालेलं सगळं जयवंताबाईंना सांगितलं.

"पण त्या ओळीला तर तुम्हीच हसला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग त्या पोरीनं सुधारली तर ओरडलात कशाला?"

त्या आठवड्यात हणमंतरावांनी विवेकला नावं ठेवून पाहिलं, मग किराणेवाल्याच्या मुलीला, मग खोकणाऱ्या, हसणाऱ्या सगळ्यांना. नेहमीसारखी चव येईना.

पुढच्या रविवारी उरलेल्या गाण्यांसाठी सगळे पुन्हा जमले. तेव्हा ते लवकर गेले आणि विवेकला म्हणाले, "ते गाणं परत घ्या. मुलीनं म्हटलं तसं."

"आता कुठे सर? कव्हरवर शब्द छापायला गेले. आणि थांबवलंत तर तुम्हीच!" विवेक हसत निघून गेला.

प्रणिता खिडकीजवळ पाणी पीत होती. हणमंतराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. कुलदीप ऐकतोय हे त्यांना दिसत होतं.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "मला आधीपासून माहीत होतं."

"मालूम होतं तर त्या दिवशी बोलले का नाही सार?"

"विचारणारी तू होतीस म्हणून."

खोटं बोलणं त्यांना सोपं गेलं असतं. "अच्छा," प्रणिता म्हणाली, तिनं ग्लास ठेवला आणि सूर लावायला जाऊन बसली. त्या दिवशी तिनं त्यांना एकही शब्द विचारला नाही, अडली तेव्हा कुलदीपला विचारला. कुलदीपनं तो चुकीचा सांगितला. हणमंतरावांनी ते ऐकलं आणि ते कोपऱ्यातच बसून राहिले.