दांडी खाली, दिवा बंद

निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना कारखान्याने माझ्याकडे एक बटण सोपवले. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही विजेची बटणे बनवत होतो. नवे बटण मोबाइलवरून चालणार होते. पण दिसायला आणि हाताला ते जुनेच लागले पाहिजे, अशी अट होती. काळी गोल बैठक, आखूड दांडी, चालू करायला खाली ओढताच टक्. आतली यंत्रणा तरुण अभियंत्यांची होती. बाहेरचे रूप आणि ती टक् माझ्याकडे. तेवढ्यासाठी मी तीन महिने स्प्रिंगा बदलत राहिलो.

दुष्काळाचे ते सलग दुसरे वर्ष. आम्ही राहत होतो त्या गारखेड्यात मोकळ्या जागांवर इमारती उठत होत्या आणि नळाला आठव्या दिवशी पाणी येत होते, तेही जेमतेम पाऊण तास. दाब इतका कमी की मोटार लावल्याखेरीज थेंब मिळत नसे. नळाला थेट मोटार लावणे नियमाबाहेर होते. सगळी गल्ली लावत असे. मीही लावत होतो. नेमकी त्याच वेळी वीज जाई.

त्यातून गल्लीत एक रीत पडली होती. वीज गेली की मोटार बंद करायची, कारण वीज परतताना मोटारी जळत. मोरीतल्या दिव्याचे बटण मात्र चालूच ठेवायचे. दिवा लागला की वीज आली. लगेच मोटार लावायची.

त्या उन्हाळ्यात थोरली बहीण देवगाव रंगारीहून आमच्याकडे आली होती. गावची विहीर आटली, तिने शेळ्या विकल्या. तिला ऐकू जवळजवळ येत नसे. पत्नी शाळेत शिकवायला जाई, मी कारखान्यात. दिव्याकडे बघत बसण्याचे काम अक्काने आपणहून घेतले.

नमुन्याचे बटण मी मोरीत बसवले. अक्काने दांडी दोन-तीनदा वरखाली केली.

"जुनंच हाय की रे! ह्याचा पगार देत्यात व्हय तुला?"

"टक् वाजली, कळलं का?" मी तिच्या कानाशी विचारले.

"वाजंना का. बोटाला लागतीय."

मला बरे वाटले.

पाण्याच्या दिवशी दुपारी घरी आलो, तर पिंप कोरडे. अक्का मोरीच्या उंबऱ्यावर दिव्याकडे तोंड करून बसली होती. दांडी खाली होती. दिवा बंद होता.

"अजून लाइट आली नाय," ती म्हणाली.

मी बाहेरच्या खोलीतला पंखा लावून पाहिला. फिरला. वीज दहा मिनिटांत परतली होती, असे शेजारीण म्हणाली. पाणीही येऊन गेले होते.

कारण मला लगेच कळले. वीज जाऊन आली की बटणाने बंदच राहावे, असा नियम आत घातलेला होता. घरात कोणी नसताना इस्त्री तापत राहू नये, हा त्यामागचा विचार. दांडी मात्र खालीच राहणार होती. मी ते गौण मानले होते. मंजुरीच्या कागदावर सही माझी होती.

"चूक तुझी नाही, अक्का."

"मंग कुणाची? दांडी तर खाली हाय. चारदा हात लावून बघितला म्या."

रिकाम्या घागरी घेऊन मी शेजारी गेलो.

शेजारणीने दोन घागरी दिल्या. अक्काने चहा सोडला. आपल्याला तो सोसत नाही, असे पत्नीला सांगू लागली. रोज संध्याकाळी मी पिंपात वाकून पाही.

"काका, गिऱ्हाईक मोबाइलवर बघेल ना," कारखान्यातले प्रमुख म्हणाले. "दांडी नुसती शोभेची आहे."

"मग काढून टाका."

तीन दिवस वाद चालला. अखेर दांडी खाली असेल तर वीज परतताच दिवा लागावा, असे ठरले. मोबाइलवरून दिवा बंद केला तर दांडी खालीच राहील, त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. घरच्या बटणात मी नवा नियम घातला आणि त्याची मोबाइलशी असलेली जोडणी तोडली.

आठव्या दिवशी रजा घेतली. जुने बटण परत बसवता आले असते. ते बसवायला हवे होते, असे मला आजही वाटते.

पाणी सुरू झाले आणि वीज गेली. अक्काने मोटार बंद केली, दांडी चाचपली, उंबऱ्यावर बसली. मी घड्याळ पाहत उभा होतो. पंधरा मिनिटे. वीस.

दिवा लागला.

अक्का उठली नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

"खरी हाय का?"

मी मान हलवली. तेव्हा कुठे ती मोटारीकडे गेली.