सीतादहीचा आवाज

“आवाज आला ना?” पाओलोसाहेबांनी विचारलं. मी हेडफोन काढला आणि मान खाली घातली. टेप फिरायचीच थांबली होती.

साठच्या दशकातली गोष्ट. मी साउंड रेकॉर्डिस्ट, म्हणजे सिनेमातले आवाज टेपवर धरणारा माणूस. पाओलोसाहेब इटलीचे दिग्दर्शक. तिकडे खेड्यांतल्या बोलीतले सिनेमे करायचे. एकही धड चालला नव्हता. आता महागावजवळ कापसावर सिनेमा करत होते. हाही पडला तर पुढे काम नाही, असं निर्मात्याने बजावलं होतं.

सगळा जीव एका सीनमध्ये होता. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात, म्हणजे शेतात, पूजा मांडून दहीभात वाहतात. तीच सीतादही. तेव्हा तिथल्या शेतकरीण गंगाबाई आपल्या वावराशी जे बोलल्या, ते साहेबांना हवं होतं. चूक माझी. आदल्या दुपारी बाया म्हणाल्या, “आमचा आवाज ऐकवा नं!” मी हौसेने चारदा ऐकवला. सेल उतरले, आणि मी तपासलेही नाहीत.

“गंगाबाई, पुन्हा एकदा कराल?” मी विचारलं.

“सीतादही दोनदा होते का कुठी? वावर हाय हे, नाटक नाही!”

“साहेब, डबिंग करू,” मी म्हणालो. “मुंबईत एखादी नटी बोलेल.”

साहेब भडकले. “माझ्या पहिल्या सिनेमात माझी आई होती. तिच्या तोंडी शहरातल्या नटीचा आवाज घातला. थिएटरात आई मलाच विचारत होती, ही कोण बोलतेय? आता आई नाही. तिचा आवाजही कुठे नाही. डबिंग होणार नाही!”

“काय म्हणून राह्यला तो?” गंगाबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या साहेबांकडे वळल्या.

“फुलसावंगीले माह्या बहिणीचं वावर हाय. तिची वेचणी परवा हाय. तिच्याकडं पूजा मीच मांडतो. तिथं या. अन् तू सेल नवे आन!”

आर्णीला जाऊन मी सेलचे दोन जोड आणले. तिसऱ्या दिवशी गंगाबाई कापसाच्या पऱ्हाटीपुढे वाकल्या. “माय, औंदा कोनाचं लेकरू उघडं नको ठेवू.” टेप फिरत होती.

मी टेप मागे घेतली आणि साहेबांनी हेडफोन गंगाबाईंच्या कानाला लावला.

“अवो माय, हे तं मीच!”

साहेब पाठ फिरवून डोळे पुसत होते.

सिनेमा इटलीत गंगाबाईंच्याच आवाजात लागला. चालला बेताचाच, पण साहेबांना पुढचं काम मिळालं, तेही डबिंग न करण्याच्या त्यांच्याच अटीवर. मी मात्र तेव्हापासून कौतुकाने टेप ऐकवतो, ती काम उरकल्यावर.