औषधांचा फ्रिज
आईचं इन्सुलिन आणायला मी निरगुडसरहून मंचरला जायचो. मेडिकलचे शेठ मारवाडी, पण बोलणं अगदी आमच्यासारखं. उन्हातून आलेलं गिऱ्हाईक फ्रिजकडे बघत म्हणायचं, "शेठ, जरा गार पाणी द्या की." शेठ कोपऱ्यातला माठ दाखवायचे. "फ्रिज औषधांचा हाय, भाऊ. सारखं दार उघडलं तर गारवा टिकत न्हाई." स्वतःही माठातलंच प्यायचे. लोक पाठीमागे चिक्कू म्हणायचे.

आता इन्सुलिन मला लागतं. परवा पुण्यातल्या एका चकचकीत मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने फ्रिज उघडला, तर कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमागे इन्सुलिन दडपलेलं. आधी त्याने अगत्याने गार पाण्याची बाटली पुढे केली.

घसा कोरडा पडला होता. तरी पाणी घेतलं नाही, आणि इन्सुलिनही.