सरकारी दोर आणि नाल्यापलीकडचा भाऊ

आपत्तीच्या सरकारी निधीतून आमच्या ग्रामपंचायतीला सामान आलं. पाण्यात घालायची जॅकेटं, ताडपत्र्या, बॅटऱ्या आणि एक लांबलचक नायलॉनचा दोर. ठेवायला माझी रिकामी खोली ठरली, म्हणून राखणदारही मीच. किल्ली करगोट्याला बांधली आणि मी स्वतःला निम्मा तहसीलदार समजू लागलो.

आमच्या गावात वस्तू नुसती पडून राहिलेली कुणाला बघवत नाही. कुणाला मांडवावर ताडपत्री हवी, कुणाला कुटाराची, म्हणजे भुशाची, ट्रॉली बांधायला दोर. मी सगळ्यांना ‘शासकीय साहित्य आहे’ असं छापील मराठीत सांगून परत पाठवायचो. बायको म्हणायची, घरात बोलता तसं बोला, लोक घाबरतात.

मग ऐन श्रावणात नाला फुगला. धाकटा भाऊ पलीकडच्या मळ्यात एकटाच, आणि पाणी त्याच्या झोपडीला वेढा घालत होतं. मी धावत खोली उघडली. जॅकेटं होती, दोर नव्हता. ताडपत्र्या उलथ्यापालथ्या केल्या.

“मीच देल्ला भाऊजीले,” बायको मागून म्हणाली. “तुमी झोपले होते, तवा किल्ली सोडली. विहिरीतली मोटर काढाची होती. घरच्या माणसाले नाई कसं म्हनू?”

म्हणजे आमचा दोर पलीकडेच होता. जॅकेट काखेत मारून, गावातल्या गड्यांना हाका घालत नाल्यावर पळालो.

भावाने दोराला दगड बांधून फेकला. पहिला दगड पाण्यात गेला. दुसरा आमच्या काठावर चिखलात रुतला. टोक आम्ही धरून ठेवलं, आणखी दोर ओढून घेतला, त्याच्या मध्यावर जॅकेट बांधलं, त्याने ते ओढून घेतलं. जॅकेट चढवून, कमरेला दोर आवळून तो पाण्यात उतरला. गावातले गडी ओढत होते. मीही ओढत होतो, म्हणजे बहुतेक वेळ चिखलात बसून.

तो वर आला तेव्हा रागवायचं भाषण माझ्या ओठांवर तयार होतं. तोंडातून निघालं, “काही खाल्लं का बे सकायपासून?”

“नाई ना दादा,” तो म्हणाला, आणि मला रडूच फुटलं.

पुढे पुन्हा निधी आला. काय घ्यायचं, असं ग्रामसभेत विचारल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, दोर दोन घ्या, एक आपत्तीसाठी आणि एक गावाला मागायसाठी. लोक पोट धरून हसले. भाऊ समोरच्या सतरंजीवर बसून सगळ्यांत मोठ्याने हसत होता. मी त्याच्याकडेच बघत होतो.