असुधारित प्रत

आपल्या भाषणातली चूक कोणी दाखवली की चिडणारे आमदार मी पुष्कळ पाहिले. आपलीच चूक शोधायला तीन जिने चढून येणारा मात्र एकच पाहिला. आम्ही त्यांना आमदारमास्तर म्हणायचो. ते मालवणजवळच्या आचऱ्याचे. हायस्कुलात मुख्याध्यापक होते, शिक्षकांनी निवडून विधान परिषदेत पाठवलं, आणि एक मुदत संपल्यावर पुन्हा कोणी विचारलं नाही. मी तिथे प्रतिवेदक होते. म्हणजे सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसायचं आणि जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं. दहा मिनिटांची पाळी झाली की वर जाऊन टाईप करायचं. त्या कागदाच्या माथ्यावर छापलेलं असे, ‘असुधारित प्रत’. सदस्याने येऊन तपासायची, दुरुस्तीपाशी सही करायची, अशी रीत होती. बहुतेक जण फिरकत नसत. कोणी आलाच, तर बोलताना न सुचलेलं वाक्य घुसवायला येई.

मास्तर यायचे ते उलट कामासाठी. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि विचारलं, “तू खंयची गो?” मी मालवणची म्हटल्यावर त्यांची आमच्या खोलीतली प्रमाण मराठी कायमची बंद झाली. एकदा त्यांनी एक आकडा चुकीचा सांगितला होता आणि समोरच्या बाकांनी त्यांना हसून घेतलं होतं. मला दया आली, मी ते हसणं गाळलं. मास्तरांनी प्रत वाचली, खिशातली पेन्सिल काढली आणि कंसात ‘हशा’ लिहून शेजारी सही केली. “हसले तां ऱ्हवांदे. नायतर मागसून वाचणाऱ्याक वाटतला, मी शाणो होतंय.”

त्यांना एकच खोड होती. कुठलाही विषय असो, ते थेट देशापासून सुरुवात करत. मच्छीमारांच्या डिझेलवर बोलायला उभे राहिले की आधी देशाला किनारा किती, मग किनाऱ्यावरच्या माणसाचं देशात स्थान काय, आणि डिझेलपर्यंत येईतो घंटा. सभापती सांगत, सन्माननीय सदस्यांनी विषयाला धरून बोलावं, हा प्रश्न केंद्राचा आहे. मास्तर हात जोडून म्हणत, “सभापती महोदय, प्रश्न केंद्राचा आहे हे आमच्या आचऱ्याच्या प्रश्नाला अजून कोणी कळवलेलं नाही.” त्यांची पाळी यायची चहाच्या वेळेला. बाकं रिकामी होत जात आणि मास्तर त्या रिकाम्या बाकांकडे एकेक करून बघत बोलत, वर्गातल्या पोरांकडे बघावं तसे.

“वाईट नाय वाटत?” मी एकदा विचारलं.

“माझ्या भाषणातसून उठान जावक येयत नाय अशी दोनच माणसां. एक सभापती आणि एक तू. त्यातल्या सभापतींकडे घंटा आसा. तुझ्याकडे ती पण नाय.”

मी हसले खरी. पण तेव्हापासून त्यांचं भाषण मी नुसतं लिहीत नसे, ऐकतही असे. नोकरीत ही दोन वेगळी कामं असतात.

मग ते नागपूरचं अधिवेशन आलं. आरोग्यसेवेवर चर्चा होती. मास्तर तीन दिवस नाव देऊन बसले होते आणि पाळी आली ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. टेबलाशी मी होते. नेहमीसारखी देशापासून सुरुवात झाली, मग राज्य, मग “सभापती महोदय, आमच्या जिल्ह्यातला माणूस,” आणि तेवढ्यात शिपायाने त्यांच्या हातात चिठी दिली. त्यांनी ती वाचली. घडी घातली. पुन्हा उघडून वाचली. माझी पेन्सिल कागदाच्या वर थांबली होती. पाळीसाठी घड्याळ समोरच असतं. काटा मिनिटाच्या पुढे गेला. सभापतींनाही वाटलं असेल म्हातारा कागद शोधतोय, त्यांनी घंटा वाजवली नाही. मग मास्तरांनी लिहून आणलेले कागद बाकावर ठेवले आणि चार मिनिटं तोंडी बोलले.

“आमच्या जिल्ह्यातला माणूस घरी मरत नाही, सभापती महोदय, आणि दवाखान्यातही मरत नाही. तो गोव्याच्या रस्त्यावर मरतो. आत्ता, मी इथे बोलत असतानाही, कोणीतरी त्या रस्त्यावर आहे.”

मी ते उतरवून घेतलं. चांगलं वाक्य आहे, असंही मनात म्हटलं. त्याची आज लाज वाटते. काकींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, छातीत दुखू लागलं म्हणून शेजारी गाडीत घालून गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात नेत होते. चिठीत एवढंच होतं, की त्या अत्यवस्थ आहेत, गोव्याला नेतायत. इन्सुलीचा नाका ओलांडला आणि गोव्याच्या हद्दीजवळचं बांदा यायच्या आत त्या गेल्या. मास्तर नागपूरहून पोचले दुसऱ्या दिवशी.

शांतता लिहून घ्यायची नसते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. घंटा लिहायची, अडथळा लिहायचा, हशा लिहायचा. कोणी गप्प राहिला तर पुढचा शब्द मागच्याला जोडून टाकायचा. मी जोडला. मुंबईच्या अधिवेशनात मास्तर आले, ते पान त्यांनी फार वेळ धरून ठेवलं. पेन्सिल खिशातच राहिली. “हय काय बदलूक नको,” म्हणाले आणि एक प्रत मागून घेतली. ती कशाला हवी होती ते मला खूप वर्षांनी समजलं.

निवृत्तीनंतर मी मालवणला परतले. मी एकटीच, त्यामुळे सामान थोडं आणि वेळ पुष्कळ. दर गुरुवारी एसटीने आचऱ्याला जाऊ लागले. मास्तर पडवीत बसलेले असत. डोळे गेले होते, कानांनीही अर्धी रजा घेतली होती. शेजारची बाई पेज ठेवून जाई ती तशीच निवून जाई. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं आणि अग्रलेख संपला की मास्तरांनी समोरच्या माडांना “सभापती महोदय” म्हणून उत्तर द्यायचं. एकदा मी म्हटलं, “मास्तर, माड काय उठान जाणत नाय हां.” ते हसले. मग म्हणाले, “जाणत नाय, पण लिवन पण घेणत नाय.” मी बुधवारी तिथे नसते, शुक्रवारी नसते, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं. आठवड्याचे उरलेले सहा दिवस हा माणूस कोणाशी बोलत असेल, या विचाराने परतीच्या गाडीत मला रडू आलं.

त्यांचा मुलगा सुहास पुण्याला कॉलेजात शिकवतो. त्याचा फोन चतुर्थीला यायचा, तोही शेजाऱ्यांकडे चौकशीसारखा. का, ते मी कधी विचारलं नाही. एका गुरुवारी मास्तरांनी ती जुनी प्रत उशाखालून काढून माझ्या हातात दिली. “वाच.”

मी वाचत गेले. “आमच्या जिल्ह्यातला माणूस,” इथे आले आणि थांबले. ठरवून नाही. माझ्या हातालाच ती जागा ठाऊक होती.

“थांबलंस कित्याक?”

“तुमी हय थांबलात म्हणान.”

मास्तरांनी त्या कागदावर तळवा ठेवला. मग सांगू लागले. आई रस्त्यात मरत होती आणि तुम्ही भाषण देत होतात, असं सुहास तेराव्याला सगळ्यांदेखत बोलला होता. मास्तरांनी त्याला सांगितलं, चिठी मला भाषण संपल्यावर मिळाली. आणि पुढे मुंबईच्या अधिवेशनाहून परतल्यावर पुरावा म्हणून माझी ही प्रत त्याच्यापुढे ठेवली. बघ, वाक्य कुठे तुटलंय का? सुहासने वाचलं, ‘कोणीतरी त्या रस्त्यावर आहे’ या ओळीवर बोट ठेवलं, कागद परत दिला आणि तेव्हापासून बापाशी बोलणंच सोडलं.

“उठान जावक होया होतां गो. पाय उचलले नायत. माका बोलणां तेवढां येय, तां करत रवलंय.” त्यांनी चाचपडत पेन्सिल पुढे केली. “ही असुधारित प्रत आसा मगो? आता सुधार. लिव, चिठी वाचली, मगे थांबलंय, मगे चार मिनटां बोललंय.”

मी समासात लिहिलं. बोट धरून त्यांना जागा दाखवली, त्यांनी सही केली. अक्षरं एकावर एक चढली होती. दुसऱ्या दिवशी मी तो कागद रजिस्टरने पुण्याला धाडला.

दोन गुरुवार काही नाही. तिसऱ्या गुरुवारी मी तिथे असतानाच मास्तरांचा फोन वाजला. मी तो त्यांच्या कानाला लावला. “बोल,” मास्तर म्हणाले. पलीकडून आवाज नाही, इकडूनही नाही. इतक्या वर्षांची सवय, पण मी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी सुहासचा आवाज आला, “जेवलात?”

“जेवलंय,” मास्तर म्हणाले. पेज कोनाड्यात तशीच होती. फोन ठेवल्यावर त्यांनी ती मागून घेतली आणि वाटी पुसून खाल्ली.

त्यानंतर रोज दुपारी एकाला फोन येऊ लागला. विचारणं तेवढंच, उत्तर तेवढंच. दिवाळीत येतो, असं सुहासने एकदा सांगितलं. दिवाळीच्या आधीच, एका गुरुवारी सकाळी, मास्तरांना श्वास पुरेना. गाडी बोलवूया म्हटलं तर त्यांनी माझा हात धरला. “त्या रस्त्यार नको.” मी सुहासला फोन लावला, लवकर नीघ म्हणून सांगितलं. तो पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

सगळं आटोपल्यावर तो पडवीत माझ्याशेजारी येऊन बसला. तो कागद त्याने बरोबर आणला होता, घड्या पडून मऊ झालेला.

“मावशी, तुमचो फोन इलो तेव्हा मी वर्गात होतंय. बायेर येवन तुमचां आयकलंय, आणि परत आत गेलंय. तास पुरो केलंय. कित्याक, तां माका म्हायत नाय. पंधरा मिनटां.” तो थांबला. “तां पण लिवा. हयच, मागल्या पानार.”

मी लिहिलं, जसं बोलला तसं. कागद त्याच्यापुढे तपासायला धरला. त्याने वाचलं, माझ्या हातातली मास्तरांची पेन्सिल घेतली, ‘पंधरा’ खोडून ‘वीस’ केलं आणि शेजारी सही केली.